इमारतीचं ऊर्जा ऑडिट टॅब्लेटवर: स्वस्त कसं, चांगलं कसं?

आजचा विषय ऐकायला थोडा कोरडा वाटेल, पण त्याचा संबंध थेट आपल्या वीजबिलाशी आहे. इमारतीचं ऊर्जा ऑडिट म्हणजे काय, ते महाग का पडतं, आणि हातातल्या टॅब्लेटवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे ते स्वस्त आणि चांगलं, असं दोन्ही कसं होऊ शकतं, हे आज आम्ही मांडणार आहोत. यातल्या 'दोन्ही' या शब्दावर आमचा जोर आहे. नुसतं स्वस्त करणं अवघड नाही. पाहणी कमी करा, अंदाज जास्त करा, झालं स्वस्त! पण तसल्या ऑडिटवर विसंबून कोणी दहा-बारा लाख रुपये खर्च केले, तर ते पैसे बुडायची शक्यता मोठी. म्हणून प्रश्न दोन्हीचा आहे.

ऑडिट म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे ज्याला सगळे 'बीईई' म्हणतात ती संस्था, स्थापन झाली. परीक्षा घेऊन प्रमाणित ऊर्जा ऑडिटर तयार करण्याचं काम याच व्यवस्थेतून होतं. महाराष्ट्रात या कायद्याची राज्यपातळीवरची जबाबदारी महाऊर्जाकडे, म्हणजे 'मेडा'कडे आहे. नव्या मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. पण ही संहिता मुख्यतः नव्या बांधकामासाठी. आज उभ्या असलेल्या शाळा, कॉलेजं, दवाखाने, नगरपालिकांच्या इमारती, सहकारी बँकांची कार्यालयं, यांचं काय? त्यांच्यासाठी रस्ता एकच: आहे ती इमारत तपासायची आणि वीज कुठे वाया जाते ते शोधायचं. हेच ऑडिट.

ऑडिटच्या पायऱ्या असतात. एक म्हणजे प्राथमिक ऑडिट. फेरी मारायची, बिलं बघायची, ढोबळ दोष सांगायचे. दुसरं सविस्तर ऑडिट. यात प्रत्येक खोली, प्रत्येक यंत्र, त्याचे तास, त्याचं मोजमाप आणि प्रत्येक उपायाचा खर्च नि परतफेडीचा काळ येतो. अमेरिकेतल्या 'ॲश्रे' या अभियंत्यांच्या संस्थेने याच्याच तीन पातळ्या ठरवल्या आहेत. पातळी जितकी वरची, तितका खर्च जास्त आणि निर्णय तितका खात्रीचा.

पैसा जातो कुठे?

लोकांना वाटतं, ऑडिटची फी महागड्या उपकरणांमुळे वाढते. क्लॅम्प मीटर, लक्स मीटर, पॉवर ॲनालायझर यांना पैसे लागतात हे खरं, पण ती एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालतात. खरा खर्च माणसांच्या दिवसांचा असतो.

हे समजायला एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतलेले आहेत. समजा एका तीन मजली कॉलेजचं ऑडिट आहे. दोन अभियंते दोन दिवस इमारतीत फिरले, म्हणजे चार मनुष्यदिवस. वहीत किंवा छापील फॉर्मवर नोंदी केल्या, मोबाइलवर शे-दोनशे फोटो काढले. आता ऑफिसात परत आल्यावर काय होतं? वहीतलं अक्षर लावत एक्सेलमध्ये नोंदी भरायच्या. कुठला फोटो कुठल्या खोलीचा हे आठवायचं. कागदी नकाशावरून खोल्यांचं आणि खिडक्यांचं क्षेत्रफळ काढायचं. गणितं मांडायची. मग अहवाल टाइप करायचा. याला सहज दहा मनुष्यदिवस जातात. एकूण झाले चौदा, आणि त्यातले इमारतीत घालवलेले फक्त चार.

म्हणजे बघा, जिथे वीज जळते तिथे आपण चार दिवस होतो, आणि उतरवून काढण्याच्या कारकुनीत त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय दर वेळी आकडा एका जागेहून दुसऱ्या जागी उतरवला की चूक शिरायला वाव मिळतो. ३६ वॉटची ट्यूब ६३ ची होते. दुसऱ्या मजल्याची मोटर तिसऱ्यावर जाते. आणि ऑफिसात बसल्यावर एखादी नोंद राहिली असं लक्षात आलं, तर पुन्हा जाण्यापेक्षा अंदाज ठोकण्याकडे कल होतो. माणसाचा स्वभावच तसा आहे.

मोठ्या इमारतीला हा खर्च झेपतो. एखाद्या मॉलचं किंवा पंचतारांकित हॉटेलचं बिलच इतकं असतं, की दोन-तीन टक्के वाचले तरी ऑडिटची फी निघते. अडचण लहान इमारतींची आहे. त्यांची बचत लहान, पण पाहणीचे दिवस मात्र त्या प्रमाणात कमी होत नाहीत. म्हणून मग त्यांचं ऑडिट होतच नाही, किंवा सगळ्यात कमी दराच्या निविदेला काम जातं आणि तोच साचेबंद अहवाल नाव बदलून हातात पडतो. 'एलईडी लावा, जुने पंखे बदला, सौर पॅनल बसवा.' हे सांगायला ऑडिटर कशाला हवा?

टॅब्लेट काय बदलतो?

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. चांगल्या ऑडिट सॉफ्टवेअरमध्ये टॅब्लेटच्या पडद्यावर मजल्याचा नकाशा असतो. तयार नकाशा नसेल तर कागदी नकाशाचा फोटो घ्यायचा, एका भिंतीची खरी लांबी मोजून प्रमाण सांगायचं, आणि बोटाने खोल्या आखायच्या. क्षेत्रफळ आपोआप निघतं. उत्तर दिशा एकदा दाखवली की कुठल्या खिडक्या पश्चिमेच्या उन्हात तापतात तेही कळतं.

मग खोलीत जायचं, पडद्यावर ती खोली उघडायची आणि तिथेच भरायचं: पंखे किती, दिवे किती, एसी कुठला. यंत्रावरच्या पाटीचा फोटो त्याच नोंदीला चिकटतो. प्रकार यादीतून निवडायचा असतो, त्यामुळे एकाने 'ट्यूब', दुसऱ्याने 'टी-८', तिसऱ्याने 'फिटिंग' लिहिण्याचा गोंधळ राहत नाही. नोंद अपुरी असेल तर खोलीचा रंग लालच राहतो. म्हणजे काय राहिलं ते इमारत सोडण्यापूर्वी कळतं. हा फायदा छोटा वाटतो, पण पुन्हा मारावी लागणारी अख्खी फेरी त्यामुळे वाचते.

एक गोष्ट विसरू नका: हे सॉफ्टवेअर नेटवर्कशिवाय चाललं पाहिजे. पंप, पॅनल, चिलर ही सगळी मंडळी तळघरात नाहीतर गच्चीवर राहतात. तळघरात रेंज नसते.

याच्या पुढची पायरी म्हणजे इमारतीचं संगणकीय प्रारूप. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 'एनर्जीप्लस' नावाचं गणकयंत्र तयार केलं आहे. इमारतीचा आकार, भिंती, खिडक्या, माणसं, यंत्रं आणि वर्षभराचं हवामान दिलं, की ते तासागणिक ऊर्जेचा हिशेब मांडतं. ते फुकट आहे, पण त्यात माहिती भरणं जिकिरीचं. ते सोपं करण्यासाठी कोलोरॅडोतल्या 'एनआरईएल' प्रयोगशाळेने 'ओपनस्टुडिओ' ही साधनं पुढे आणली, आणि त्यांच्या आधारावर 'सिम्युवॉट' नावाचं टॅब्लेटवरचं ऑडिट सॉफ्टवेअर गेल्या दशकात तयार झालं. कल्पना साधी होती. ऑडिटर नाहीतरी खोलीखोलीतून फिरून माहिती गोळा करतोच. तीच माहिती सरळ प्रारूपात गेली, तर तज्ज्ञाने वेगळं बसून प्रारूप बांधायचे दिवस वाचतात.

माहितीची एकसारखी मांडणी हाही मुद्दा तिथेच पुढे आला. न्यूयॉर्क शहराने २००९ मध्ये 'लोकल लॉ ८७' केला. ५० हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना दर दहा वर्षांनी ऊर्जा ऑडिट बंधनकारक झालं. आता हजारो अहवाल जाड्या फायलींत आले, तर त्यांची तुलना कोण करणार? म्हणून ऑडिटची माहिती एका ठरावीक साच्यात देण्यासाठी 'बिल्डिंगसिंक' सारखी रचना तयार झाली. एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात नेता यावी, पाच वर्षांनी नवा ऑडिटर आला तर त्याने शून्यापासून सुरुवात करू नये, हा त्यामागचा हेतू.

मघाच्या आपल्या कॉलेजचा हिशेब आता असा होतो: इमारतीत चारऐवजी पाच मनुष्यदिवस, कारण तिथे आपण जास्त नीट भरतो. ऑफिसात दहाऐवजी तीन-चार. चौदाचे झाले आठ-नऊ. खर्च उतरला, आणि इमारतीत घालवलेला वेळ उलट वाढला. स्वस्त आणि चांगलं हे दोन्ही हातात हात घालून कसं चालतं, ते इथे दिसतं.

बिलाशी भांडण

पण टॅब्लेट आला म्हणजे ऑडिट चांगलं झालं असं नाही. चुकीचे तास भरले तर सॉफ्टवेअर चुकीचंच उत्तर देईल, फक्त सुंदर रंगीत आलेखात. आणि रंगीत आलेखावर लोकांचा विश्वास पटकन बसतो. म्हणून सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आमच्या मते कुठली? बिलाशी ताळमेळ.

तेच कॉलेज घेऊ. समजा यादी अशी निघाली: ७५ वॉटचे ४०० पंखे, चोकसह ५० वॉट खाणाऱ्या ५०० ट्यूब, शिवाय थोडे एसी, संगणक, पंप. पंखे-ट्यूब रोज ८ तास, वर्षाचे २०० दिवस, म्हणजे १,६०० तास चालतात असं धरलं. पंख्यांचे झाले ४८,००० युनिट, ट्यूबचे ४०,०००. एसी, संगणक, पंप मिळून ३६,०००. बेरीज १,२४,०००. आणि वर्षाचं बिल सांगतंय ८८,०००!

बिल खोटं बोलत नाही. म्हणजे ३६,००० युनिट आपल्या यादीत जास्तीचे आहेत. कागदी पद्धतीत ही तफावत अहवालाच्या शेवटी, घाईच्या वेळी दिसते, आणि मग कुठलातरी आकडा ओढूनताणून बसवला जातो. टॅब्लेटवर ती दुसऱ्या दिवशी दुपारीच दिसते, तेव्हा आपण अजून इमारतीत असतो. शिपायाला विचारता येतं, वेळापत्रक बघता येतं, दोन-चार सर्किटांवर आठवडाभरासाठी लॉगर लावता येतो.

असं केल्यावर समजा कळलं, की पंखे सरासरी ९०० तासच चालतात, आणि तेही सगळीकडे सारखे नाहीत. ग्रंथालय, कार्यालय आणि स्टाफरूममधले ८० पंखे वर्षाला २,५०० तास फिरतात. वर्गांमधले ३२० पंखे जेमतेम ५०० तास.

आता याचा निर्णयावर काय परिणाम होतो ते पाहा. जुना ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी पंखा बसवायचा, पंख्यामागे ४५ वॉट वाचतात. पंखा ३,००० रुपयांना आणि युनिट १० रुपयांना धरू.

पहिल्या, चुकीच्या तासांनुसार: ४०० पंखे, बचत २८,८०० युनिट, म्हणजे २ लाख ८८ हजार रुपये. खर्च १२ लाख. सव्वाचार वर्षांत परतफेड. विश्वस्त खूश.

खऱ्या तासांनुसार: बचत १६,२०० युनिट, १ लाख ६२ हजार रुपये. परतफेड जवळजवळ साडेसात वर्षं. विश्वस्त नाराज, आणि प्रस्ताव बारगळला.

पण खोलीनिहाय बघितलं तर? पहिले ८० पंखे: खर्च २ लाख ४० हजार, बचत ९,००० युनिट, म्हणजे ९० हजार रुपये. पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. उरलेले ३२० पंखे: खर्च ९ लाख ६० हजार, बचत ७२ हजार, परतफेड तेरा वर्षांहून जास्त. याचा अर्थ सरळ आहे. ८० पंखे लगेच बदला. वर्गांतले पंखे जसजसे बिघडतील, तसतसे नव्या प्रकारचे घ्या.

पंखे तेच, तंत्रज्ञान तेच. फरक फक्त माहिती खोलीनिहाय आहे की ढोबळ, एवढाच. ढोबळ यादीतून हा सल्ला निघूच शकला नसता.

प्रत्येक आकड्याला त्याची जात सांगा

आणखी एक शिस्त सॉफ्टवेअरमध्ये हवी. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहिलेलं असावं: 'मोजला', 'पाटीवरून घेतला' किंवा 'अंदाज'. हे का? मोटरच्या पाटीवरचे किलोवॉट म्हणजे ती पूर्ण भाराला दांड्यावर किती शक्ती देऊ शकते तो आकडा. ती प्रत्यक्षात किती वीज ओढते, हा वेगळा प्रश्न. पाटीवर ७.५ किलोवॉट असलेली मोटर अर्ध्या भारावर चालत असेल तर त्याहून बरीच कमी वीज घेईल. पाटीवरून हिशेब केला तर बचत फुगते.

अशा खुणा असल्या, की अहवाल वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं: मोठा खर्च सुचवलेला उपाय मोजलेल्या आकड्यांवर उभा आहे की अंदाजावर. अंदाज करणं गुन्हा नाही. दोनशे वॉटच्या यंत्रासाठी पॉवर ॲनालायझर लावत बसणं हाच वेळेचा अपव्यय. पण अंदाज लपवणं चूक आहे.

इथे 'ही खोली त्या खोलीसारखीच' या बटणाबद्दलही सांगायला हवं. हे बटण फार उपयोगी. वीस एकसारखे वर्ग वीस वेळा भरायला नकोत. पण त्याचा मोह वाईट. दारातून डोकं न घालताच नोंदी भरल्या जातात. म्हणून नक्कल केलेल्या नोंदींवर वेगळी खूण, आणि प्रत्येक खोलीचा निदान एक फोटो, एवढं बंधन असावं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न आला आहे: "एवढं सगळं टॅब्लेट करणार, तर ऑडिटर कशाला?"

टॅब्लेट कारकुनी करतो, बघण्याचं काम करत नाही. सर्व्हर खोलीचा एसी चालू आहे आणि खिडकी उघडी आहे, हे डोळ्यांनाच दिसतं. पंप भरलेल्या टाकीत पाणी ओततोय आणि ओव्हरफ्लो गटारात जातोय, हे वॉचमनला विचारल्यावरच कळतं. सॉफ्टवेअरने कारकुनी उचलली, की ऑडिटरला या विचारपूशीला सवड मिळते. खरी कमाई ती आहे.

दुसरा प्रश्न: "आमची चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे. आम्ही असं ऑडिट करून घ्यावं का?"

सविस्तर ऑडिटची बहुधा गरज नाही. तुमचं सामायिक मीटर चालवतं कोण? लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. दोन वर्षांची बिलं समोर ठेवा, दिव्यांची यादी करा, पंप रोज किती वेळ चालतो ते आठवडाभर लिहा. यादी आणि बिल जुळलं नाही, तर तिथूनच शोध सुरू करा. तत्त्व तेच, टॅब्लेटऐवजी वही चालेल.

तिसरा प्रश्न: "एक्सेलमध्ये हे होणार नाही का?"

होईल. खोलीनिहाय नोंद, आकड्याची जात, फोटोचा क्रमांक आणि बिलाशी ताळमेळ, या चार गोष्टी एक्सेलमध्येही पाळता येतात. फक्त तिथे शिस्त माणसाने लावावी लागते, चांगलं सॉफ्टवेअर ती स्वतः लावतं. मोठ्या टीमला आणि बऱ्याच इमारतींना सॉफ्टवेअर परवडतं; एकच इमारत असेल तर एक्सेल पुरे.

काम देणाऱ्यांसाठी

शेवटी, तुमच्यापैकी जे मुख्याध्यापक, विश्वस्त किंवा नगरपालिकेतले अभियंते आहेत त्यांच्यासाठी. ऑडिटची निविदा काढताना फक्त 'अहवाल द्यावा' एवढंच लिहू नका. पुढचं लिहा: खोलीनिहाय माहिती उघडता येईल अशा फाइलमध्ये द्यावी, नुसती पीडीएफ नको. प्रत्येक आकडा मोजलेला की अंदाजाचा ते नमूद असावं. यादीचा वापर आणि बारा महिन्यांचं बिल यांचा ताळमेळ दाखवावा, आणि उरलेल्या तफावतीचं कारण लिहावं. उच्चदाब जोडणी असेल तर मागणी भार आणि पॉवर फॅक्टरचंही विश्लेषण द्यावं. बिलातला बराच पैसा तिथे दडलेला असतो.

ही माहिती तुमच्या मालकीची आहे. ती नीट ठेवलीत, तर पुढच्या वेळी ऑडिटरला पंखे मोजत फिरावं लागणार नाही. मागच्या वेळी सुचवलेले उपाय खरंच लागू झाले का, आणि बिल उतरलं का, इथूनच तो सुरुवात करू शकेल. शेवटी या सगळ्या खटाटोपाचा निकाल बिलावरच लागायचा आहे.